उंदीर कुणीकडे बघतोय

पत्त्यांत शवपेटी निघताच साठीतल्या ओटिलीनं कोर्बिनियनशी लग्नाला नकार दिला. म्हणजे, दिलाच नाही. न्यूर्नबर्गात कुणी तसं ऐकलं असल्यास विसरावं. भविष्य सांगणारे लेनोर्माँचे पत्ते मांडत होती धाकटी बहीण वाल्बुर्गा, आणि तिच्या पत्त्यांपुढे ओटिलीचं कधी काही चाललं नव्हतं. डावीकडे अंगठी, उजवीकडे शवपेटी. मग मधोमध उंदीर पडला. “उंदीर तोंड असेल त्या बाजूचं कुरतडतो, ताई. अंगठी कुरतडली, तर लग्न गेलं. पेटी कुरतडली, तर मरणच टळलं; बिनघोर नांदा.” “मग काय कुरतडतोय?” “समोर बघतोय मेला. बावळट आहे, तुझ्या नवरदेवासारखा.” नवरदेव कोर्बिनियन शेजारीच पाव खात होता. त्यानं पावावरचं चीज मोडून शवपेटीवर ठेवलं. वाल्बुर्गा चष्मा लावून निरखत राहिली. “वळला,” ती पुटपुटली. ओटिलीनं होकार दिला. विवाह नोंदणी कार्यालयास नम्र विनंती: साक्षीदार म्हणून सदर उंदराची नोंद व्हावी.