वाचून दाखवलेला शेवट

"...आणि शेवटी ती पदर खोचून पुन्हा नोकरी धरते," मी ठसक्यात सांगितलं. वाचनकट्ट्यावर नुकतंच वाचलेलं पुस्तक सांगायची पाळी माझी होती.

टिपणीसबाई हसल्या. "अहो, कुठली नोकरी धरतेय! मी पण परवाच संपवली ही कादंबरी. सासूच्या आजारपणापायी ती कायमची घरीच राहते की."

मी भांडायच्याच बेतात होते, पण एकदम शेवटचं पान ऐकलं ती दुपार आठवली. काचबिंदूने नजर गेल्यापासून पुस्तकं मी वाचत नाही, ऐकते. माझ्यासाठी नोकरी सोडून घरी थांबलेली सून रोज दुपारी मला वाचून दाखवते. त्या शेवटच्या पानावर तिचा आवाज जरा कापरा झाला होता. मला वाटलं, बाई रंगून वाचतेय.

टिपणीसबाईंनी मला घरी सोडलं. सुनेने चहाचा कप माझ्या हातात नीट धरवला आणि विचारलं, "आई, आता पुढचं पुस्तक कुठलं घेऊ या?"

"पुढचं मी मोबाईलवर ऐकेन," मी म्हटलं. "मला तुझाच शेवट आवडला. तू नोकरी कधी धरतेस, ते सांग."