फिनलंडला लागलेला ठसका

जयसिंगपूरच्या भिशीतल्या बायका फिनलंडमधल्या एका पंप कंपनीचे शेअर घ्यायच्या विचारात होत्या. महिना महिना कुणी हातही लावत नाही असा शेअर. फोटो, अहवाल, मालकाची मुलाखत, सगळं चोख होतं. पण हल्ली असलं सगळं संगणक घटकेत रचून देतो. गेल्याच वर्षी मुळात नसलेल्या एका कारखान्यात त्यांची भिशी बुडाली होती.

म्हणून भिशीतल्या मगदूमकाकूंनी स्वयंपाकघरातून त्या कंपनीच्या कारखान्याला गंधफोन लावला, आवाजासोबत वासही पोचवणारा. तिकडून तापल्या लोखंडाचा आणि तेलाचा वास आला.

“हाही बनवता येतो,” काकू म्हणाल्या. “पण आपला वास तिकडे जातो ना?”

त्यांनी फोनशेजारी कढई ठेवली आणि कडकडीत तेलात मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. बायका नाकाला पदर लावून थांबल्या.

तिकडून एक शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग सगळा कारखाना खोकायला लागला. कुणीतरी ओरडत खिडकी उघडली, आणि जयसिंगपूरच्या त्या धुरकटलेल्या स्वयंपाकघरात बर्फाचा, ओल्या झाडांचा गार वास पसरला.

“माणसं आहेत गं,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “आधी त्यांची माफी मागा. मग शेअर घ्या.”