कासवांनी माना आत घेतल्या

गालापागोसच्या आमच्या बेटावर महागड्या तंबूंचा कॅम्प आहे. त्यातून राक्षसी कासवांची जुनी वाट जाते. माणूस जवळ आला की कासव फुस्स करून मान आत घेतं.

माझी बायको नेलिदा तंबू आवरायची. तीन वाजता सात नंबरचा तंबू झाला, की याच वाटेने माझ्यासाठी कॉफी घेऊन यायची. तिला जाऊन चार महिने झाले.

काल सकाळी तिच्या थडग्यापाशी मी म्हणालो, "एकदा ये." दुपारी तीनला, धुक्यात, रिकाम्या सात नंबरपाशी एक कासव फुसफुसलं. तिथे कोणीच नव्हतं.

"अहो अब्दोन, कासवं म्हातारी झालीत," स्वयंपाकीण सोइला म्हणाली. "तुमच्यासारखीच उगाच दचकतात."

आज तीनला वाटेवर पाच कासवं चरत होती. सात नंबरपाशीच्या कासवाने मान आत घेतली. मग त्याच्या अलीकडच्याने. मग तिसऱ्याने. गवत मात्र हललं नाही.

"नेलिदा, नको," मी म्हणालो. "राहू दे."

चौथ्याने मान आत घेतली.

पाचवं माझ्या पायाशी होतं. त्याला माझी सवय आहे, मला ते कधीच घाबरत नाही. त्याची नजर हळूहळू माझ्या बाजूने सरकत माझ्या पाठीमागे गेली.

मग ते फुसफुसलं.