शाळेपुढचं शहाणं गिऱ्हाईक

शाळेपुढचा वेग दाखवणारा फलक ट्रॅफिक हवालदारांचा भारी लाडका. गाडी मर्यादेत असली की त्यावर हिरवा हसरा चेहरा उमटायचा, सुसाट आली की लाल रडका.

शाळा सुटायच्या सुमारास मात्र रस्ता रिकामा असतानाही त्यावर आकडा यायचा, हळूहळू उतरायचा आणि शून्यावर थांबायचा.

"आलं बघा तुमचं शहाणं गिऱ्हाईक," शाळेतल्या शिपाई मावशी म्हणायच्या.

"सगळेच असे शहाणे झाले तर माझी नोकरी जायची," हवालदार हसायचे.

आज आकडा शून्यावर आला, तेव्हा त्यांनी गमतीनं रिकाम्या रस्त्यात उभं राहून रुबाबात थांबण्याचा हात दाखवला. तळहाताला तापलेल्या इंजिनाची ऊब लागली.

घंटा झाली. पोरं किलबिलत क्रॉसिंगवरून निघाली. सगळ्यात मागची चिमुरडी मधेच थांबली, टाचा उंचावून तिनं समोरच्या हवेत बोटानं काहीतरी काढलं आणि खिदळत पळाली.

धुळकट काचेवर काढावा तसा हसरा चेहरा तिथं हवेतच राहिला होता.

हवालदार बाजूला झाले. त्यांनी हात खाली घेतला. तो चेहरा त्यांच्या शेजारून पुढे सरकला, अगदी मर्यादेत.