पंखातली गाठ

“अहो, वरच्या डाव्या पंखात एक गाठ मारायची राहिली वाटतं,” मी म्हटलं, तसा माझा नवरा ट्रकवाल्याशी फोनवर बोलता बोलता थांबला. लोहाऱ्यातल्या आमच्या पत्र्याच्या शेडात ह्यांनी नऊ वर्षं खपून हे विमान बांधलं, वर दोन आन् खाली दोन अशा चार पंखांचं. उद्या ते ट्रकवरून धावपट्टीवर जाणार, आणि हे एकटेच त्यात बसून आभाळात कोलांट्या मारणार. सकाळपासून मी नुसती आत-बाहेर करत होते. पंखांवरचं कापड माझ्या हातचं. एरवी मी ब्लाऊज शिवते, पण पंखांच्या आतल्या लाकडी फासळ्यांना मेणाच्या दोऱ्यानं कापड बांधून हजारभर गाठी मीच मोजून मारल्या. वरून रंग बसला की आतली गाठ कुणाला दिसत नाही. दारावर ह्यांनीच खडूनं लिहून ठेवलंय: शंका आली की उघडायचं. ह्यांनी ट्रक नको म्हणून सांगितलं आणि सुरी घेतली. कापड टरकन फाटलं. बॅटरीच्या उजेडात ह्यांनी गाठ न् गाठ ओढून पाहिली. एकही मारायची राहिलेली नव्हती. ह्यांनी बॅटरी विझवून माझ्याकडं बघितलं. “अजून तीन पंख हायत, प्रीती,” ते हळूच म्हणाले. “त्यातबी काही राहिलं असंल तर आत्ताच सांग.” मी सुईत दोरा ओवायला घेतला. “आत्ता आठवंना,” मी म्हटलं. “हा शिवून झाला की आठवंल.”