समजून-उमजून

"तुम्ही बाहेर बसा," वकील घरमालकाला म्हणाले. "मला यांच्याशी एकांतात बोलायचंय."

"आईला जरा कमी ऐकू येतं, साहेब. मी असलो तर बरं."

"मी मोठ्याने बोलेन."

घरमालक नाइलाजाने उठला. "आई, घाबरू नकोस हं. मी दाराबाहेरच आहे." वृद्ध बाईंनी नुसती मान हलवली. दार लागलं तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली, तीही अर्धवट.

वकिलांच्या नजरेतून ते सुटलं नाही. घरच्यांसमोर अशी अंग चोरून बसणारी माणसं त्यांनी तीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती.

घर एकट्या मुलाच्या नावावर होतं. जुन्या बँकेचं कर्ज मिटवून, तेच घर दुसऱ्या बँकेकडे गहाण ठेवून, त्याला मोठं कर्ज हवं होतं. नव्या बँकेची अट सरळ होती. कागदावर नाव नसलेलं जे सज्ञान माणूस त्या घरात राहतं, त्याने संमतिपत्रावर सही करायची; आणि त्याआधी एका त्रयस्थ वकिलाने त्याला सगळं समजावून तसा दाखला द्यायचा. बरेच वकील हे काम पाच मिनिटांत उरकत. हे उरकत नसत. त्यांच्या स्वतःच्या आईने, थोरल्या भावाने बोट ठेवलं तिथे सही केली होती आणि शेवटची सहा वर्षं परक्यांच्या माडीवरच्या एका खोलीत काढली होती. ते तेव्हा दूर शिकत होते. शिकत होते तेही कायदाच.

त्यांनी ओळखपत्र पाहिलं. फोटो वीस वर्षांपूर्वीचा, पुसट झालेला. क्रमांक उतरवून त्यांनी ते परत दिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मावशी, घर घेताना तुमचे काही पैसे घातले होते?"

"नाही."

"दागिने मोडले? यजमानांचं काही..."

"नाही, नाही. माझा कसलाच हक्क नाही."

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं होतं. पढवून आणलंय, वकील मनाशी म्हणाले.

"हे बघा, मी बँकेचा माणूस नाही आणि बाहेर बसलेत त्यांचाही नाही. फी ते देत असले, तरी आत्ता मी तुमचा वकील आहे."

"माझा?"

"तुमच्या एकटीचा."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "आयुष्यात माझ्या एकटीचं म्हणून काही निघालं, तर तो वकील!"

वकीलही हसले. या खोलीत हसू ऐकून किती दिवस झाले, ते त्यांना आठवेना. बायको गेल्यापासून जेवणाचा डबा तेच भरत आणि दुपारी फायली बाजूला सारून याच टेबलावर एकटे खात.

"दिवसभर काय करता, मावशी?"

"भांडी घासते, कपडे धुते. मग खिडकीशी बसते. संध्याकाळ काही केल्या सरत नाही."

"आणि चिरंजीव? बोलतात तुमच्याशी?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला. "आज गाडीत तीनदा आई म्हणाला. नवीन चपला घेऊन दिल्या. खोटं कशाला सांगू, कानाला गोड लागलं. एरवी मला हाक मारायला आहे कोण?"

वकिलांनी चष्मा काढून उगाचच पुसला. मग संमतिपत्र पुढे ठेवून ते एकेक ओळ सोपी करून सांगू लागले. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकू तर त्यांना चांगलंच येत होतं.

मध्येच त्यांनी विचारलं, "समजा, बाईने सहीच केली नाही, तर?"

"तर कर्ज मिळणार नाही."

"आणि केली तर?"

"उद्या हप्ते थकले आणि बँकेने घर ताब्यात घ्यायचं ठरवलं, तर 'मी इथे राहते, मला काढू नका' असं म्हणायची सोय राहणार नाही."

"म्हणजे म्हातारपणी रस्त्यावर."

"तशी वेळ येऊ शकते."

बाईंनी हातात घेतलेलं पेन खाली ठेवलं. बाहेर घरमालकाच्या बुटांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या.

"नाही म्हणायचं असेल तर म्हणा," वकील हलक्या आवाजात म्हणाले. "मीच अडवलं म्हणून सांगेन. तुमच्यावर आळ येऊ देणार नाही."

"तुम्ही भले आहात." बाईंचे डोळे भरून आले. "पण इथून गेल्यावर मला खायला तुम्ही घालणार आहात का?"



बाईंनी सही केली. एकेक अक्षर जपून, थांबत थांबत. वकिलांनी जड हाताने दाखला लिहिला : स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना, समजून-उमजून. मग एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून ती बाईंच्या मुठीत दिली. "कधीही फोन करा. काम नसलं तरी करा." हात धरून त्यांनी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं.

पुढचे आठ दिवस फोन वाजला की ते दचकत. आपल्या आईसाठी जे जमलं नाही, ते निदान या बाईंसाठी तरी केलं, असं ते स्वतःला बजावत. पुरतं पटत मात्र नसे.

नवव्या दिवशी दुपारी, डबा उघडलेला असताना, एक उंच, काठी टेकत चालणाऱ्या वृद्ध बाई आत आल्या आणि समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. त्यांनी बँकेचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यावर संमती देणारीचं नाव होतं. ते वाचताच वकील उभे राहिले.

"मावशींनी पाठवलं का तुम्हाला? बऱ्या आहेत ना त्या?"

"कोण मावशी?" बाईंनी पत्रावरच्या नावावर बोट टेकवलं. "हे नाव माझं आहे. मी इथे तुमच्यासमोर बसून, सगळं समजून-उमजून सही केली, असं बँक म्हणते. वकीलसाहेब, मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."