आजोबांचा रुमाल

शेठनी खांद्यावर शाल घातली तेव्हा धाकू घाग नुसते हसले. तीस वर्षं कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात कान गमावलेला माणूस दुसरं काय करणार? सत्काराला शेठनी मुद्दामच साचेखात्यातले म्हातारे बोलावले होते. बहिरा माणूस उलट प्रश्न विचारत नाही.

आपल्या आजोबांची गिरणी पाडून शेठनी तिथे टॉवर उभारले होते आणि उरल्यासुरल्या धुराड्याखाली आज तिच्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं. “कामगारांना इथेच घरं देणं, हे आमच्या घराण्याचं कर्तव्य आहे,” माइकवर शेठ गहिवरले. मग माइक बाजूला सारून मॅनेजरकडे वळत पुटपुटले, “अजून दोन वर्षं टोलवा. निम्मे आपोआप मरतील.”

साचेखात्यात कधीच कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. तिथली माणसं उभा जन्म एकमेकांचे ओठ वाचूनच बोलली, भांडली, पोरींच्या सोयरिकी जुळवून मोकळी झाली. आजोबा हे जाणून होते. खात्यात पाऊल टाकताच ते तोंडावर रुमाल धरत; कापसाच्या धुळीचं निमित्त सांगत. घराण्याचं सगळं नातवाकडे आलं, तेवढा रुमाल यायचा राहिला.

धाकूंनी माइक ओढून घेतला. “शेठ म्हणतात, अजून दोन वर्षं टोलवा, निम्मे आपोआप मरतील.”

शेठ धुतलेल्या मांजरपाटासारखे पांढरे पडले. ओठ जेमतेम हलवत त्यांनी मॅनेजरला विचारलं, “हा बहिरा आहे ना?”

मॅनेजरने तोंड उघडायच्या आत मांडवातले दीडशे म्हातारे एका सुरात ओरडले, “होय, शेठ!”